सातपुड्याच्या जंगलातील जमिनीलगतच्या वनस्पती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशातील महाविद्यालयांचे विद्यार्थी, वनहक्क समित्यांचे सदस्य आणि सुट्टीच्या दिवशी पाल, मनुदेवी, पाटणादेवी किंवा तोरणमाळ येथे हिंडणारे हौशी निरीक्षक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ज्या प्रश्नांवर सांगण्यासारखे अधिक आहे तेथे उत्तर लांबले आहे.

जमिनीलगतचा थर म्हणजे नेमके काय?

जंगलातील मोठी झाडे, त्यांच्याखालची लहान झाडे व झुडपे यांच्याही खाली, साधारणपणे गुडघा ते कंबर एवढ्या उंचीपर्यंत जे काही वाढते ते सर्व या थरात येते. गवते, लव्हाळे, हंगामी रोपे, कंदवर्गीय वनस्पती, जमिनीवरच्या आमरी (ऑर्किड), नेचे आणि जमिनीवर पसरणारे वेल हे त्याचे कायमचे रहिवासी असतात, तर साग, धावडा, तिवस यांची दोन-चार पानांवर असलेली रोपे ही तात्पुरती पाहुणी असतात, कारण ती वाचली तर वरच्या थरात जातात आणि न वाचल्यास येथेच संपतात. या पानावर या सगळ्याला थोडक्यात ‘तळथर’ म्हटले आहे.

खानदेशातील कोरड्या जंगलाला उष्णकटिबंधीय जंगल म्हणता येते का?

म्हणता येते. ‘उष्णकटिबंधीय’ म्हटले की सदाहरित, ओलेगच्च जंगल डोळ्यांसमोर येते, पण ही संज्ञा स्थानाची आहे आणि खानदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, २१ अंश अक्षांशाच्या आसपास आहे. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये भारतातील वनांचे जे वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यानुसार आपल्याकडील बहुतेक जंगल उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी प्रकारात मोडते. तापीच्या खोऱ्यात वर्षाकाठी साधारण ६५० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत; उरलेले आठ महिने कोरडे आणि त्यांतले शेवटचे दोन भाजून काढणारे असतात. तोरणमाळचे पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असल्याने तेथे पाऊसही अधिक आणि गारवाही अधिक, त्यामुळे तेथील तळथर वेगळा दिसतो.

उन्हाळ्यात जंगलाच्या जमिनीवर पाचोळ्याशिवाय काहीच दिसत नाही. मग विविधता असते कोठे?

असते, पण मातीच्या आत. विसाव्या शतकाच्या आरंभी क्रिस्टेन राउंकियर या डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने एक साधा प्रश्न विचारला होता : प्रतिकूल ऋतूत वनस्पती आपला पुढच्या वाढीचा कोंब कोठे सांभाळून ठेवते? झाडे तो हवेत, फांद्यांवर ठेवतात. बहुवर्षायू गवते तो जमिनीच्या पातळीवर, वाळलेल्या बुडख्याच्या आत ठेवतात. मुसळी, रानहळद, सुरण आणि आमरी तो जमिनीखाली कंदात किंवा मुळखोडात ठेवतात. हंगामी रोपे कोंबाच्या भानगडीतच पडत नाहीत. ती बी टाकून मरून जातात. शुष्क पानझडी जंगलाच्या तळथरात या शेवटच्या दोन प्रकारांचे प्रमाण मोठे असते, म्हणून वैशाखात जमीन मोकळी दिसते.

काही वनस्पतींनी मात्र वेगळाच मार्ग काढला आहे. पाटणादेवीच्या परिसरातील किंवा सातपुड्यातील एखाद्या बेसाल्टच्या उभ्या कातळाच्या भेगेत मयूरशिखा नावाचा बोटभर उंचीचा नेचा दिसतो. त्याची पाने मोराच्या तुऱ्यासारखी पंख्याच्या आकारात चिरलेली असतात. उन्हाळ्यात ती आत वळून तपकिरी काड्यांसारखी होतात आणि कोणीही त्यांना मेलेली समजेल. पण ती मेलेली नसतात. पावसाचे पाणी कातळावरून ओघळले की तीच जुनी पाने उलगडून हिरवी होतात, नवी येण्याची वाट पाहावी लागत नाही.

तळथराची पाहणी करण्यासाठी कोणता महिना योग्य?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर ‘कोणताही एक नाही’ असे आहे. सातपुड्यातील तळथराची विविधता जितकी जागेत पसरलेली असते, तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, ती तारखांमध्ये पसरलेली असते. आणि एका भेटीत दिसते ती त्या पंधरवड्याची यादी असते, जंगलाची नव्हे.

जूनच्या मध्यावर पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की सर्वांत आधी कंद जागे होतात. त्यांच्याकडे साठवलेले अन्न असते आणि सागाची पाने अजून पुरती उघडलेली नसल्याने जमिनीपर्यंत भरपूर ऊन पोचते. एका पानाच्या आमरीचा क्रम तर उलटाच असतो : पानाचा पत्ता नसताना जमिनीतून नुसता फुलाचा दांडा वर येतो, फूल सुकते आणि त्यानंतर जमिनीला जवळजवळ टेकलेले एकच घडीदार पान उगवते. फुलाच्या वेळी आलेल्याला पान दिसत नाही आणि पानाच्या वेळी आलेल्याला फूल, त्यामुळे एकाच वनस्पतीच्या दोन नोंदी होण्याची शक्यता असते.

याच दिवसांत काळी मुसळी फुलते. तिची पाने ताडाच्या रोपासारखी घडीदार असतात आणि त्यांच्या बुडाशी, थेट मातीतून उगवल्यासारखे, सहा पाकळ्यांचे पिवळे चांदणीसारखे फूल दिसते. नखाने माती हलकेच बाजूला केली तर कळते की फुलाचा अंडाशय जमिनीखालीच असतो आणि जे वर दिसते ते फक्त एका लांब नळीच्या टोकाला उघडलेले असते. फळही तेथेच, पानांच्या आवरणात दडून तयार होते. हे पाहण्यासाठी रोप उपटण्याची गरज नाही, गुडघ्यावर बसण्याची मात्र आहे.

जुलैमध्ये वरचे छत मिटत जाते आणि खाली हंगामी रोपांची गर्दी होते : टाकळा, केना, भुईआवळा, तेरडा. ऑगस्टमध्ये ओल्या उतारांवर हिरवट-पांढऱ्या फुलांच्या भू-आमरी येतात. सप्टेंबरमध्ये गवते फुलावर येतात, कुर्डूचे तुरे आणि खुळखुळ्याच्या पिवळ्या फुलांचे घोस दिसू लागतात. ऑक्टोबरात पाऊस परतला की रंग बदलतो आणि नोव्हेंबरपासून अडुळशाच्या कुळातील वनस्पतींचा काळ सुरू होतो. कोरांटी, रानआबोली, काळा किरायत ही मंडळी जमीन कोरडी पडत असताना फुलतात, आणि त्यांची सुकलेली बोंडे ओलाव्याच्या स्पर्शाने तडकून बी दूर फेकतात. फेब्रुवारीपर्यंत पाहण्यासारखे जे उरते ते नाल्यांच्या ओलसर वाळूत : गंगोत्रीचे जांभळे गुच्छ आणि त्यापासून जरा दूर, कोरड्या जागी, काट्यांनी भरलेली भुईरिंगणी.

आमच्या पहिल्या नोंदवहीतच या बाबतीत घोटाळा झालेला आहे. महाविद्यालयाला सुट्टी असते म्हणून आम्ही दिवाळीत यावल तालुक्यातील एका नाल्याकाठी पाहणी केली आणि ‘कंदवर्गीय वनस्पती : आढळल्या नाहीत’ असे ठळक अक्षरांत लिहून मोकळे झालो. सफेद मुसळीची पाने तोवर वाळून मातीत मिसळली होती, आमरीचा मागमूस नव्हता, आणि आम्ही अक्षरशः त्यांच्या कंदांवर सतरंजी अंथरून डबे खाल्ले होते. पुढच्या आषाढात त्याच जागी गेलो तेव्हा पाय कोठे ठेवावा हे कळेना. तेव्हापासून आम्ही यादीच्या वर जागेइतक्याच मोठ्या अक्षरांत तारीख लिहितो. ज्यांना वर्षातून चारच फेऱ्या शक्य असतील त्यांनी जूनअखेर, ऑगस्टचा मध्य, सप्टेंबरअखेर आणि डिसेंबर अशा त्या कराव्यात. एकच शक्य असेल तर ऑगस्टचा मध्य निवडावा, मात्र अहवालात ‘एकूण प्रजाती’ हा शब्दप्रयोग करू नये.

मोजणी कशी करतात?

एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशी चौकट वापरतात. लोखंडी चौकट विकत मिळते, पण चार खुंट्या आणि चार मीटर सुतळी यांवर काम भागते आणि खांद्यावरचे ओझेही वाचते. चौकट आपल्याला आवडेल तेथे टाकायची नसते, कारण डोळा फुलांकडे जातो आणि हात त्याच्यामागे जातो. ठरावीक अंतर चालून, जेथे पाऊल थांबेल तेथे ती टाकावी. आतील प्रत्येक प्रजातीचे नाव आणि रोपांची संख्या लिहावी. गवताच्या बाबतीत एक रोप कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते हे सांगणे कठीण असते, म्हणून तेथे संख्येऐवजी चौकटीचा किती भाग त्याने झाकला आहे याचा अंदाज लिहितात.

किती चौकटी पुरेशा, याची एक सोपी कसोटी आहे. प्रत्येक नव्या चौकटीत किती नवी नावे मिळाली हे लिहीत जावे. आरंभी ती भराभर मिळतात, मग एखादे-दुसरे मिळते आणि एका टप्प्यावर पाच-सहा चौकटी लागोपाठ कोऱ्या जातात. तेथे त्या दिवसापुरते थांबायला हरकत नाही.

प्रजातींची संख्या मोजली की पुरे. मग ‘विविधता निर्देशांक’ कशासाठी?

कारण नुसती संख्या फसवते. समजा दोन चौकटींत प्रत्येकी चार प्रजाती आणि शंभर रोपे आहेत. पहिलीत प्रत्येक प्रजातीची पंचवीस रोपे आहेत. दुसरीत टाकळ्याची सत्त्याण्णव आणि इतर तिघांचे एकेक. यादी दोन्हींची सारखीच, पण दुसऱ्या चौकटीपाशी उभे राहिलेला माणूस ‘येथे टाकळा माजला आहे’ असेच म्हणेल. शॅनन यांचा निर्देशांक हा फरक आकड्यात पकडतो : पहिल्या चौकटीसाठी तो सुमारे १.३९ येतो आणि दुसरीसाठी सुमारे ०.१७. हेच उलगडून सांगायचे तर पहिली चौकट चार प्रजातींच्या तोलाची आहे आणि दुसरी जेमतेम सव्वा प्रजातीच्या.

या आकड्याची पूजाही करू नये. गाजरगवताने नुकताच शिरकाव केलेल्या जागेत जुनी रोपे अजून टिकून असतात आणि नवे वाढलेले असते, त्यामुळे तेथे निर्देशांक काही काळ वाढलेला दिसतो. आकडा नेहमी नावांच्या यादीबरोबर वाचावा, एकटा नव्हे.

एकाच डोंगरावर तळथर इतका बदलतो कशामुळे?

माती किती खोल आहे, ऊन किती पोचते आणि पाणी किती वेळ थांबते, या तीन गोष्टींमुळे. सातपुड्याचा आपल्याकडचा बराचसा भाग बेसाल्टचा आहे. माथ्यावर आणि उतारावर मुरूम उघडा पडलेला असतो, पायथ्याशी मात्र वाहून आलेली माती साचते. उथळ, खडकाळ जागी अंजनाची झाडे असतात. अंजनाचे पान लहान आणि छत विरळ, त्यामुळे खाली ऊन सोसणारी गवते आणि शेंगवर्गीय छोटी रोपे वाढतात. सालईच्या उतारांवरही साधारण असाच प्रकार असतो. खोल मातीतील सागाखाली रुंद पानांची सावलीतली रोपे येतात. नाल्याच्या काठी, जेथे डिसेंबरातही ओल राहते, तेथे हंसराजासारखे नेचे आणि पेवासारख्या ओलावाप्रिय वनस्पती दिसतात.

अंजनाच्या माळावरून खाली नाल्यापर्यंत दोनशे पावले चालले तर यादीतली बहुतेक नावे बदलतात. एका जागेतील विविधता आणि दोन जागांमधील फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६० मध्ये स्पष्ट केले. सातपुड्यासारख्या घड्यांच्या प्रदेशात दुसरी गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते : नाला वाचवला आणि माळ सपाट केला, तर अर्धी यादी गेलीच म्हणून समजावे.

सागाच्या दाट लागवडीखाली जमीन उघडी का दिसते?

सागाचे पान मोठे असते. पावसाचे बारीक थेंब त्यावर गोळा होऊन मोठे होतात आणि टपोरे होऊन खाली पडतात. खाली गवत आणि रोपे असतील तर ती हा मार झेलतात. नसतील तर थेंब माती उडवतो, बारीक कण वाहून जातात आणि वर खडे राहतात. सागाच्या बुंध्यावर हात-दीड हात उंचीपर्यंत मातीचे शिंतोडे दिसले, तर खालचा थर नाहीसा झाला आहे असे समजण्यास हरकत नाही. पानांच्या जाड पाचोळ्यातून बारीक बियांची रोपे वर येऊ शकत नाहीत, आणि तोच पाचोळा पेटला की उरलेलीही जळतात. मिश्र जंगलात, जेथे सागाबरोबर धावडा, ऐन, टेंभुर्णी, चारोळी असतात, तेथे ही अवस्था सहसा येत नाही.

गवत हे सगळे एकच नाही का?

‘गवतच शे ते’ हे वाक्य अनेकदा ऐकावे लागते. गुराख्याला विचारून पाहावे. तो मारवेल, पवन्या, डोंगरी, कुसळी आणि रोशा यांतील फरक लांबून सांगेल, कारण त्याची गुरे कशाला तोंड लावतात हे त्याला रोज दिसते. मारवेल जनावरे आवडीने खातात. कुसळी कोवळी असेपर्यंतच खातात, पुढे तिची कुसळे तोंडात आणि लोकरीत रुततात.

या कुसळाची रचना पाहण्यासारखी आहे. बियाच्या टोकाला सुईसारखा अणकुचीदार भाग आणि मागे वळलेले बारीक केस असतात, आणि दुसऱ्या बाजूला पीळ पडलेली लांब शेपटी. ओंजळीत एक कुसळ ठेवून त्यावर तोंडातली वाफ सोडली की शेपटीचा पीळ उलगडू लागतो आणि कुसळ हातावर फिरते. वाळले की पीळ पुन्हा बसतो. रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन यांच्या बळावर ते असे फिरत फिरत मातीत शिरते आणि मागचे केस त्याला परत बाहेर येऊ देत नाहीत. पायमोज्यात घुसलेले कुसळ पुढेच का सरकते, याचे कारणही तेच.

रोशा गवताचा खानदेशाशी जुना संबंध आहे. त्याच्या फुलोऱ्यापासून आणि पानांपासून गुलाबाच्या वासाचे तेल निघते, कारण त्यात जेरानिऑल हे द्रव्य मुबलक असते. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर आणि नंदुरबारच्या बाजूला जंगलातच, ओढ्याकाठी भट्ट्या लावून हे तेल काढले जाई आणि मुंबईमार्गे परदेशी जाई. तुर्कस्तानात ते गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जात असे. व्यापारात या गवताचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार ओळखले जातात आणि पहिल्याचे तेल वरचढ मानले जाते. ज्या थराला आपण पायाखालचे गवत म्हणतो त्याच्यावर एक अख्खा धंदा उभा होता, हे शाळेच्या पुस्तकांत कोठे आले तर बरे होईल.

वणवा लावल्याने पुढच्या वर्षी गवत चांगले येते, हे खरे का?

अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते टिकून आहे. जळालेल्या जागी बहुवर्षायू गवतांच्या बुडख्यांतून हिरवे फुटवे लवकर येतात आणि जनावरांना ते आवडतात. पण ज्यांचा कोंब बुडख्यात किंवा जमिनीखाली सुरक्षित आहे किंवा ज्यांचे बी कुसळीसारखे मातीत शिरलेले आहे, तीच गवते आगीतून वाचतात. ज्यांचे बी पाचोळ्यात वरच पडलेले असते ती हंगामी रोपे, आणि साग-धावड्याची दोन वर्षांची रोपे, जळून जातात. दरवर्षी आग लागत राहिली तर तळथरात आग सोसणारी मोजकी नावे उरतात. जनावरांना कमी आवडणारी कुसळी त्यांत पुढे असते, म्हणजे चाऱ्यासाठी लावलेली आग शेवटी चाराच हलका करते.

आपल्याकडे मार्च ते मे या काळात लागणाऱ्या आगींपैकी काही मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळल्यामुळे पसरतात. मोह हे डोंगरातील घराघरांचे उत्पन्न आहे, तेव्हा नुसते ‘जाळू नका’ म्हणून भागत नाही. झाडाखालचा पाचोळा झाडून बाजूला करणे किंवा झाडाखाली जुनी साडी अथवा जाळी अंथरणे हे उपाय साधे आहेत आणि त्याने फुलेही स्वच्छ मिळतात.

चराईने तळथराचे नुकसानच होते का?

नेहमी नाही. थोड्या, फिरत्या चराईने उंच गवत कमी होते आणि त्याच्याखाली दबलेल्या छोट्या रोपांना जागा मिळते. धुळे-नंदुरबारकडील ठेलारी मेंढपाळांचे कळप एका जागी फार काळ थांबत नाहीत, ही त्यातील चांगली बाजू. पावसाच्या पहिल्या महिन्यात मात्र जमीन मऊ असते आणि कोंब नुकते वर आलेले असतात. त्या वेळची रोजची चराई सर्वांत महागात पडते. जेथे गुरे सतत बसतात तेथे टाकळा, रानतुळस आणि भुईरिंगणी यांचे राज्य दिसते, कारण जनावरे त्यांना तोंड लावत नाहीत.

परक्या वनस्पतींपैकी कोणत्या सर्वाधिक त्रासदायक आहेत?

घाणेरी, गाजरगवत आणि रानतुळस, या तिन्ही मूळच्या अमेरिका खंडातील. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून भारतात आणली गेली. गाजरगवताची नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली आणि तेथून ते रस्त्यांच्या कडेने सर्वत्र पोचले. त्याच्यावर उपाय म्हणून मेक्सिकोतील एक भुंगा १९८० च्या दशकात आणून सोडण्यात आला. पावसाळ्यात तो पाने फस्त करतो, पण त्याने गवत संपवलेले नाही.

आपल्या पानझडी जंगलाच्या आत, रस्त्यापासून दूर, सर्वाधिक पसरलेली दिसते ती रानतुळस. तिचे बी ओले झाले की सब्जासारखे बुळबुळीत आवरण धरते आणि पायांना, खुरांना, गाडीच्या चाकांना चिकटते. पुरुषभर उंचीची तिची दाटी एकदा झाली की खाली ऑगस्टमध्येही केन्याचे पान सापडत नाही. ती उपटायची तर फुलण्याआधी, म्हणजे ऑगस्टमध्ये, जमीन ओली असताना. नोव्हेंबरात उपटणे म्हणजे बी झटकून पेरणे आहे.

यातील कोणत्या वनस्पती खाण्यात येतात?

बऱ्याच. टाकळा, कुर्डू, केना, घोळ, आघाड्याची कोवळी पाने आणि कुलू म्हणजेच फोडशी या भाज्या आषाढ-श्रावणात डोंगराकडच्या बाजारांत वाट्यांवर विकायला येतात. साक्री तालुक्यातील बारीपाडा या गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी करून आपले जंगल परत उभे केले. तेथे २००४ पासून वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते आणि आसपासच्या गावांतील स्त्रिया एकेका थाळीत अनेक भाज्या मांडतात. या कामासाठी गावाचे नेतृत्व करणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वनस्पतींच्या याद्या करणाऱ्यांनी या स्पर्धेला एकदा तरी जावे, कारण तेथे तळथराची यादी चवीसकट मिळते.

सावधगिरीची एक गोष्ट : कळलावीचे कंद जंगलातील इतर कंदांमध्येच सापडतात आणि ते अत्यंत विषारी असतात, कारण त्यांत कोल्चिसिन हे द्रव्य असते. छायाचित्रावरून ओळख पटवून कोणताही कंद तोंडात घालू नये.

स्थानिक नावे वापरावीत की शास्त्रीय?

दोन्ही. अहिराणी, लेवा बोली, पावरी आणि भिली यांत एकाच रोपाला चार नावे असतात, तर ‘दुधी’ हे एकच नाव चीक निघणाऱ्या अर्धा डझन वनस्पतींना लावले जाते. शास्त्रीय नावाशिवाय दोन याद्यांची तुलना होत नाही. पण स्थानिक नाव लिहिले नाही तर ज्यांचे जंगल आहे त्यांना ती यादी वाचता येत नाही.

तळथर गेला तर पक्ष्या-प्राण्यांना काय फरक पडतो?

रानपिंगळ्याचे उदाहरण पुरेसे आहे. १८८४ नंतर या घुबडाचा खात्रीलायक पत्ता लागत नव्हता आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तो दिवसा शिकार करतो आणि विरळ जंगलातील फांदीवर बसून जमिनीवरचे सरडे, सापसुरळ्या, उंदीर आणि नाकतोडे टिपतो. नाकतोड्यांना गवत लागते, सरड्यांना नाकतोडे. फुलपाखरांचेही तसेच : टाकळ्यावर पिवळ्या रंगाच्या छोट्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, आणि खुळखुळ्याच्या सुकत्या पानांवर रुईच्या कुळावर पोसणाऱ्या फुलपाखरांचे नर झुंबड करतात, कारण मादीला आकर्षित करणारा गंध तयार करण्यासाठी लागणारे द्रव्य त्यांना तेथून मिळते.

झाडे लावली की खालचा थर आपोआप येतो का?

काही हंगामी रोपे येतात. कंद, आमरी आणि बहुवर्षायू गवते सहजासहजी येत नाहीत, कारण त्यांचे बी फार दूर जात नाही. उलट ज्या माळाला ‘पडीक’ समजून सलग चर खोदले जातात आणि गिरिपुष्पाची रोपे लावली जातात, तेथे आधीपासून असलेला तळथर त्या चरांबरोबरच उलटापालटा होतो. खोदकामाआधी एका पावसाळ्यात चार चौकटी टाकून पाहण्याचा नियम असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एका पावसाळ्याने लागवडीचे काही बिघडत नाही.

एखादे रोप किंवा कंद घरच्या कुंडीसाठी आणता येईल का?

अभयारण्यातून, मग ते यावल असो, अनेर असो की गौताळा, परवानगीशिवाय काहीही उपटणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. इतर जागीही आणू नये. जमिनीवरच्या आमरी मातीतील विशिष्ट बुरशीच्या आधाराने जगतात आणि त्या बुरशीशिवाय कुंडीत त्या सहसा दोन पावसाळेही काढत नाहीत. सफेद मुसळीची गोष्ट वेगळी आहे : तिची शेती करता येते आणि लागवडीची रोपे मिळतात, म्हणून जंगलातील मुसळी खणण्याला निमित्तच उरत नाही. तरीही खणायचीच वेळ आली, तर डोंगरातील जाणती माणसे काय करतात ते पाहावे : पाने पूर्ण वाळून बी सांडेपर्यंत ती थांबतात, जाड मुळ्या तेवढ्या काढतात आणि कोंब असलेला वरचा गड्डा त्याच खड्ड्यात परत ठेवून माती टाचेने दाबून पुढे जातात.